लाळेचे थेंब मोजणारा माणूस

मानसशास्त्राचे कुठलेही प्राथमिक पुस्तक उघडले की एक चित्र हमखास भेटते. पट्ट्यांनी बांधलेला कुत्रा, शेजारी घंटा आणि कुत्र्याच्या तोंडातून गळणारी लाळ. खाली नाव असते इव्हान पाव्हलॉव्ह यांचे. या चित्राने पाव्हलॉव्ह जगभर पोहोचले, पण त्यांचे बरेचसे आयुष्य याच चित्रामागे झाकलेही गेले. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. मानसशास्त्राला विज्ञान म्हणायलाही ते फारसे राजी नसत. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनाच्या अभ्यासासाठी. घंटा त्यांच्या प्रयोगशाळेत क्वचितच वाजली. आणि ज्याला आपण सहजपणे पाव्हलॉव्हचा प्रयोग म्हणतो, तो शेकडो माणसांनी आणि कुत्र्यांनी मिळून अनेक दशके चालवलेला एक प्रचंड खटाटोप होता.

मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रिझान या गावी 1849 मध्ये एका धर्मगुरूच्या घरी इव्हानचा जन्म झाला. भावंडांत तो थोरला. लहानपणी उंचावरून फरशीवर पडल्याने त्याची तब्येत इतकी ढासळली की शाळेत जायला अकरावे वर्ष उजाडले. पुढचा मार्ग ठरलेला होता : धर्मशिक्षणाची शाळा, मग सेमिनरी, मग वडिलांसारखेच चर्च. पण 1860 च्या दशकात रशियातल्या तरुणांच्या हाती नवी पुस्तके पडू लागली होती. डार्विनचे विचार सोप्या भाषेत सांगणारे पिसारेव्ह यांचे लेख इव्हानने वाचले. इव्हान सेचेनॉव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक वाचले. माणसाचा विचारसुद्धा मुळात प्रतिक्षिप्त क्रियाच असते, असे सेचेनॉव्ह मांडत होते. धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलाच्या डोक्यात हा विचार शिरल्यावर काय व्हायचे ते झाले. 1870 मध्ये सेमिनरी अर्धवट सोडून तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाला.

तिथे त्याला इल्या त्सियॉन हे शिक्षक लाभले. त्सियॉन दोन्ही हातांनी सफाईने शस्त्रक्रिया करत आणि पाव्हलॉव्हही त्यांच्याकडून तेच शिकले. पुढे त्यांची शस्त्रक्रिया पाहणाऱ्यांना ती सुरू झाली असे वाटेपर्यंत ती संपलेली असे, अशी त्यांची ख्याती झाली. मात्र त्सियॉन यांना विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे 1874 मध्ये पद सोडावे लागले आणि त्यांच्यावर विसंबलेल्या या विद्यार्थ्याचा आधार गेला. त्यानंतरची पंधरा वर्षे ओढाताणीची होती. वैद्यकीची पदवी, बोटकिन या नामांकित डॉक्टरांच्या दवाखान्याला जोडलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेची देखरेख, दोन वर्षे जर्मनीत लुडविग आणि हायडेनहाइन यांच्याकडे शिक्षण. 1881 मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी लग्न झाले, पण पैशाअभावी कित्येकदा नवराबायकोला वेगळे राहावे लागे. मेंडेलीव्ह यांच्याकडे काम करणाऱ्या भावाच्या खोलीचा पाव्हलॉव्ह यांनी आसरा घेतला. पहिले मूल तान्हे असतानाच गेले. घरखर्चाचे सारे व्यवहार सेराफिमांनी अंगावर घेतले आणि ते शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. पाव्हलॉव्ह यांच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजू बहुतेकदा गाळली जाते.

चाळिशी उलटल्यावर दिवस पालटले. 1890 मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले आणि 1891 मध्ये नव्याने उघडलेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभाग त्यांच्या ताब्यात आला. डायनामाइटवाले आल्फ्रेड नोबेल यांनी 1893 मध्ये या संस्थेला दहा हजार रूबल दिले. त्यातून पाव्हलॉव्ह यांची इमारत वाढली. पारितोषिकाच्या कितीतरी आधी नोबेल यांचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, तो असा.

या इमारतीत कुत्र्यांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रियागृह होते. माणसांच्या इस्पितळाप्रमाणे आधी स्वच्छता, मग भूल, मग शस्त्रक्रिया आणि नंतर बरे होण्यासाठी वेगळी खोली. त्या काळात हे नवल होते. तोवरची पद्धत अशी की प्राणी बांधायचा, फाडायचा, हवे ते पाहायचे आणि प्राणी मरायचा. पाव्हलॉव्ह यांचे म्हणणे होते की वेदनेने तळमळणाऱ्या, रक्तस्रावाने गळालेल्या प्राण्याचे पचन पाहून निरोगी पचन कळणार नाही. कुत्रा शस्त्रक्रियेतून बरा झाला पाहिजे, हिंडता-फिरता राहिला पाहिजे आणि मग वर्षानुवर्षे त्याच्याकडून शिकता आले पाहिजे. हा विचार त्यांच्या साऱ्या कामाचा पाया ठरला.

त्यांनी आणि एकातेरिना शुमोव्हा-सिमानोव्हस्काया यांनी कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी बाहेर उघडली आणि जठराला एक नळी बसवली. कुत्रा आवडीने मांस खाई, पण गिळलेला घास गळ्यातल्या छिद्रातून बाहेर पडे. जठरात अन्नाचा कणही पोहोचत नसे. तरी काही मिनिटांतच नळीतून स्वच्छ जठररस टपकू लागे. मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस चेता कापली की रस थांबे. म्हणजे पचन जठरात अन्न पडल्यावर सुरू होत नाही. ते भुकेपासून, चवीपासून सुरू होते. आजारी माणसाच्या ताटातले अन्न त्याला आवडेल असे हवे, या घरोघरच्या आग्रहाला पाव्हलॉव्ह यांनी असा प्रयोगाचा आधार दिला.

दुसरी किमया त्याहून अवघड होती. जठराचा एक छोटा कप्पा चेता शाबूत ठेवून वेगळा करायचा, म्हणजे मोठ्या जठरात अन्न पचत असताना या कप्प्यातून निव्वळ रस गोळा करता येईल. कित्येक कुत्री या प्रयत्नात दगावली. 1894 मध्ये ही शस्त्रक्रिया ज्याच्यावर यशस्वी झाली त्या कुत्र्याचे नाव होते द्रुझोक, म्हणजे दोस्त. पावेल खिझिन या तरुण डॉक्टराने द्रुझोकला मांस, पाव आणि दूध देऊन तासातासाचा रस मोजला आणि प्रत्येक अन्नासाठी रसाची गती, प्रमाण आणि ताकद वेगळी असते असे आलेख काढले. हे आलेख नंतर जगभरच्या पुस्तकांत गेले.

खिझिनसारखे शंभराच्या आसपास जण 1904 पर्यंत या प्रयोगशाळेतून गेले. त्यातले बहुतेक साधे डॉक्टर होते. त्यांना दोनेक वर्षांत डॉक्टरेट हवी होती, कारण तिच्याशिवाय वरचे पद मिळत नसे. शरीरक्रियाशास्त्राचे त्यांचे शिक्षण बेताचेच. पाव्हलॉव्ह विषय ठरवून देत, कुत्रा नेमून देत, रोज फेरी मारून आकडे पाहत आणि शेवटी प्रबंधाचे वाक्य न् वाक्य तपासत. वेळेबाबत ते कमालीचे काटेकोर होते आणि संतापही कमालीचा. एखाद्यावर सर्वांदेखत भडकत आणि तासाभरात विसरून कामाला लागत. चुकलेला आकडा मात्र विसरत नसत. कारखान्यासारखी ही रचना होती. फरक इतकाच, की मुकादम स्वतः सर्वांत आधी कामावर हजर असे.

खराखुरा कारखानाही होता. भुकेली तगडी कुत्री ओळीने उभी करून त्यांचा जठररस काढला जाई, गाळला जाई आणि बाटल्यांत भरून अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई. 1904 च्या सुमारास वर्षाला तीन हजारांहून जास्त बाटल्या खपत होत्या आणि त्यातून प्रयोगशाळेचा बराच खर्च भागे. आज हे वाचताना पोटात ढवळेल, पण तेव्हाचे रुग्ण ते विश्वासाने पीत.

नोबेल समितीपुढे मात्र या शंभर हातांमुळेच अडचण उभी राहिली. शोध निबंधांवर नावे शिष्यांची. मग पारितोषिक पाव्हलॉव्ह यांना का? समितीतर्फे दोघे शास्त्रज्ञ 1901 मध्ये पीटर्सबर्गला येऊन प्रयोगशाळा पाहून गेले. हे सारे एकाच डोक्यातून चालते, अशी खात्री पटायला आणखी तीन वर्षे गेली. 1904 मध्ये पाव्हलॉव्ह यांना पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले रशियन.

या तीन वर्षांच्या मधोमध त्यांच्या सिद्धांताला एक धक्का बसला होता. पचनाच्या सगळ्या ग्रंथी चेतासंस्थेच्या हुकमावर चालतात, असे पाव्हलॉव्ह मानत. 1902 च्या जानेवारीत लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या चेता तोडल्या, आतड्यात आम्ल घातले आणि तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. आतड्याच्या अस्तरातून एक रसायन रक्तात मिसळून हा निरोप पोहोचवत होते. त्यांनी त्याला सिक्रेटिन म्हटले आणि संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या शास्त्राची ही सुरुवात ठरली. पाव्हलॉव्ह यांनी सहकाऱ्याकरवी तो प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवला. सगळे भोवती उभे राहून बघत होते. रस वाहिला. पाव्हलॉव्ह न बोलता आपल्या खोलीत गेले आणि काही वेळाने परत येऊन लंडनकरांचे बरोबर असल्याचे त्यांनी सर्वांसमोर मान्य केले. ज्या कामाला नोबेल मिळणार होते त्यातला एक खांब असा त्यांच्या डोळ्यांदेखत कलला. पुढे ते पचनाकडून लाळेकडे झपाट्याने वळले, त्यामागे हेही एक कारण असावे असे इतिहासकार मानतात.

लाळेचा गोंधळ तसा जुनाच होता. अन्न घेऊन येणाऱ्या माणसाच्या नुसत्या पावलांनी कुत्र्यांना लाळ सुटे आणि मोजमाप बिघडे. वुल्फसन या शिष्याला दिसले की खाद्याला दाट लाळ सुटते, तोंडात वाळू किंवा आम्ल गेले की पातळ. आणि गंमत म्हणजे वस्तू दुरून नुसती दाखवली तरी हाच फरक दिसतो. मग कुत्रा ओळखतो, ठरवतो, आठवतो असे म्हणायचे का? स्नार्स्की हे दुसरे सहकारी म्हणाले, हो, म्हणायचे. पाव्हलॉव्ह यांना ते पटेना. कुत्र्याच्या मनात काय चालले आहे हे कोणी पाहिले? मोजता येते ती लाळ. तिसरे सहकारी तोलोचिनॉव्ह यांना मनोरुग्णांचा अनुभव होता. त्यांनी दाखवून दिले की अन्न नुसते पुन्हा पुन्हा दाखवत राहिले आणि दिलेच नाही तर लाळ कमी कमी होत थांबते. म्हणजे ही कुत्र्याची लहर नसून तिला नियम आहेत. 1903 मध्ये माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत पाव्हलॉव्ह यांनी हा नवा विषय जगापुढे मांडला. प्रयोगशाळेत कुत्र्याला वाटले, त्याला हवे होते, असे शब्द वापरायला आता मनाई झाली.

इथे शब्दांचा एक घोटाळाही झाला. या प्रतिक्षिप्त क्रियेला पाव्हलॉव्ह यांनी दिलेल्या रशियन नावाचा अर्थ होतो सशर्त, म्हणजे अटींवर अवलंबून असलेली. इंग्रजीत जाताना त्याचे रूप असे बदलले, की कुणीतरी मुद्दाम घडवलेली क्रिया असा भास व्हावा. मराठी पाठ्यपुस्तकांतला अभिसंधान हा शब्द त्याच इंग्रजी वाटेने आला. मूळ कल्पना साधी होती : ही क्रिया अटी पुऱ्या होतील तोवरच टिकते आणि अटी मोडल्या की विरते.

राहिली घंटा. पाव्हलॉव्ह यांना अगदी नेमका, हवा तेव्हा सुरू आणि बंद करता येणारा इशारा हवा असे. म्हणून मेट्रोनोमचे ठोके, बझर, दिव्याची उघडझाप, त्वचेला यंत्राने केलेला स्पर्श यांवर त्यांचा भर होता. मेट्रोनोमचे मिनिटाला शंभर ठोके आणि शहाण्णव ठोके यांतला फरकही कुत्री ओळखायला शिकली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाड भिंतींची आणि भोवती खंदक असलेली खास इमारत उभारण्यात आली. तिचे नाव पडले निःशब्द मनोरा. संशोधक एका खोलीत, कुत्रा दुसऱ्या खोलीत आणि मधे लाळेचे थेंब मोजणारी नळी.

या थेंबांचा आजच्या रुग्णालयाशी जवळचा संबंध आहे. कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच, सुई टोचण्याआधी मळमळू लागते. तो वास, ती खुर्ची त्यांच्या शरीरासाठी मेट्रोनोमचे काम करते. 1975 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना गोड पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले; नंतर नुसत्या गोड पाण्यानेही त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आढळली. भीतीच्या विकारावर रुग्णाला भीतीच्या गोष्टीजवळ हळूहळू, सुरक्षितपणे नेण्याचे उपचारही याच झाडाची फांदी आहेत.

मन हा शब्द बाहेर ठेवलेल्या या प्रयोगशाळेत मन मागच्या दाराने परत आले. शेंगर-क्रेस्तोव्हनिकोवा यांनी एका कुत्र्याला शिकवले की वर्तुळ दिसले तर अन्न मिळते आणि लंबवर्तुळ दिसले तर मिळत नाही. मग त्यांनी लंबवर्तुळ दिवसेंदिवस गोल करत नेले. दोन्ही व्यासांचे प्रमाण नवास आठ झाले तेव्हा कुत्र्याला फरक कळेना. आणि तोवर शांत असलेला तो कुत्रा केकाटू लागला, पट्टे चावू लागला, सोपे आकृतिभेदही विसरून गेला. त्याला कोणी मारले नव्हते. फक्त न सुटणारा प्रश्न दिला होता. पाव्हलॉव्ह यांनी याला प्रायोगिक मनोविकार मानले आणि मारिया पेट्रोव्हा या त्यांच्या जवळच्या सहकारी पुढे अनेक वर्षे याच विषयावर राबल्या. सगळी कुत्री मात्र सारखी कोलमडत नव्हती. कोणी चिवट, कोणी भडकू, कोणी थंड, कोणी भित्रे. पाव्हलॉव्ह त्यांचे स्वभाव मांडू लागले आणि त्यासाठी त्यांनी प्राचीन ग्रीक वैद्यांचे चार स्वभावप्रकार वापरले. कुत्र्याच्या मनाविषयी बोलू नका असे बजावणाऱ्या माणसाला प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव तोंडपाठ होता.

1917 ची क्रांती झाली तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम बुडाली. यादवी युद्धाच्या काळात एक मुलगा टायफसने गेला, दुसरा पराभूत बाजूने लढून परदेशात परागंदा झाला. पीटर्सबर्ग उपाशी होते. प्रयोगशाळेतली कुत्री भुकेने मरत होती आणि जी जगली त्यांच्यावरचे प्रयोग भुकेमुळे बिघडत होते. पाव्हलॉव्ह संस्थेच्या जमिनीवर स्वतः भाजीपाला पिकवत. 1920 मध्ये त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. असा माणूस जाणे नव्या सत्तेला परवडणारे नव्हते. 24 जानेवारी 1921 रोजी लेनिन यांनी खास फर्मान काढले : पाव्हलॉव्ह यांच्या कामाला लागेल ते सर्व पुरवा, त्यांना आणि पत्नीला वाढीव शिधा द्या.

मदत घेतली, पण तोंड बंद ठेवले नाही. धर्मगुरूंच्या मुलांना अकादमीतून काढू लागले तेव्हा आपणही धर्मगुरूचाच मुलगा आहोत, असे म्हणत त्यांनी तिथले प्राध्यापकपद सोडले. 1934 मध्ये किरॉव्ह यांच्या हत्येनंतर धरपकड सुरू झाली तेव्हा सरकारला पत्र लिहून दहशतीचा निषेध केला आणि ओळखीच्या कैद्यांसाठी रदबदली केली. इतर कुणी असे लिहिले असते तर त्याची गय झाली नसती. त्यांचे नाव मोठे होते आणि सरकारला ते नाव हवे होते. दोन्ही बाजूंनी हा व्यवहार ओळखलेला होता.

मधे 1924 चा पूर आला. 23 सप्टेंबरला नेव्हा नदी लेनिनग्राडमध्ये शिरली आणि संस्थेच्या आवारातल्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी चढत गेले. पिंजऱ्यांच्या छताशी नाक लावून कुत्री तरंगत होती. पिंजऱ्यांची दारे खाली होती. त्यामुळे कर्मचाऱ्यांना एकेका कुत्र्याला आधी पाण्याखाली दाबून मगच बाहेर ओढावे लागले. कुत्री वाचली. पण काहींच्या शिकलेल्या सगळ्या प्रतिक्रिया पुसल्या गेल्या होत्या आणि त्या परत यायला बराच काळ लागला. अशा एका बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या खोलीत स्पेरान्स्की या सहकाऱ्याने दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली. तेवढ्याने कुत्रा पुन्हा पुराच्या रात्रीत गेला : अस्वस्थ, धापा टाकणारा, अन्नाला न शिवणारा. आघातानंतर महिनोन्महिने छळणाऱ्या मनोविकाराला आज वैद्यकात नाव आहे. तेव्हा ते नव्हते. पण त्याचे लक्षण इथे थेंबांत मोजले गेले होते.

शेवटच्या वर्षांत लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी गावात सरकारने त्यांच्यासाठी अख्खे विज्ञानग्राम उभारले. तिथे कुत्र्यांच्या जोडीला राफाएल आणि रोझा हे दोन चिंपांझी आले. 1935 च्या ऑगस्टमध्ये जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लेनिनग्राडला जमले आणि त्याच सुमारास प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत पाव्हलॉव्ह यांच्या सूचनेवरून कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचे ऋण त्यावर कोरलेले आहे. ऋण मानले हे खरे. पण किती कुत्री बरी न होताच गेली, हा प्रश्न स्मारकाने मिटत नाही. पाव्हलॉव्ह यांच्या हयातीतच युरोपात प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध मोठे आंदोलन झाले होते. प्राण्याला मारताना आपल्याला खेद होतो, पण माणसाच्या भल्यासाठी ते करावे लागते, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी बदलली नाही.

27 फेब्रुवारी 1936 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, वय 86. त्यानंतर त्यांचे नाव त्यांच्या हातात राहिले नाही. 1950 मध्ये स्टालिनच्या राजवटीत खास अधिवेशन भरवून पाव्हलॉव्ह यांची शिकवण ही एकमेव खरी शिकवण ठरवली गेली आणि तिच्यापासून ढळल्याचा ठपका ठेवून त्यांचे पट्टशिष्य लेऑन ओर्बेली यांनाच पदावरून हटवले गेले. ज्यांनी सिक्रेटिनचा प्रयोग आपल्या डोळ्यांनी पाहून स्वतःचे मत बदलले, त्यांच्या नावाने हे घडले.

कुत्र्याच्या मनाचा अभ्यास आज विद्यापीठांत पुन्हा जोमाने चालतो. बुडापेस्टच्या ऑटव्हॉस लोरांड विद्यापीठात 1994 पासून घरची कुत्री मालकासोबत येतात, बोटाने दाखवलेले भांडे ओळखायचे खेळ खेळतात आणि घरी जातात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात शिकवलेली कुत्री बांधल्याशिवाय, भूल न देता एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहतात. पाव्हलॉव्ह यांनी बंदी घातलेले शब्द इथे रोज बोलले जातात; त्यांनी घालून दिलेली शिस्त, म्हणजे प्राणी निरोगी हवा आणि दावा मोजून दाखवलाच पाहिजे, तीही तशीच पाळली जाते.

रिझानमध्ये पाव्हलॉव्ह यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे काचेच्या पेटीत त्यांच्या कुत्र्यांपैकी एक कुत्रा पेंढा भरून ठेवलेला आहे. त्याच्या गालाला अजून लाळेची नळी आणि तिची छोटी बाटली जोडलेली दिसते.